पहिली गोष्ट, रस्ते निसरडे

कुवेतमध्ये हवामान म्हणून सांगण्यासारखं फारसं काही नसतं. उन्हाळ्यात ऊन असतं आणि हिवाळ्यात उन्हाळा संपल्याचं समाधान. मधूनच धूळ येते, पण तिची सूचना कुणी द्यावी लागत नाही, कारण ती बातमीच्या आधी नाकात पोचते. असं असूनही अब्दुल कादिर मुकादम रोज पहाटेची नमाज आटोपली की आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हवामानाचा अंदाज बोलून टाकत.

"अस्सलामु अलैकुम, नमस्कार. मुकादम बोलतो. पहिली गोष्ट, रस्ते निसरडे. तबूकला हलका बर्फ, अरारला धुकं, बसऱ्याला पाऊस. आपल्याकडं नाय. गाडी सावकाश हाका. येतो."

पहिली गोष्ट असायची, दुसरी कधीच नसायची. जून महिन्यात, बाहेर डांबर मऊ पडलेलं असतानाही, सुरुवात तीच. फक्त शेवटी एक शब्द वाढायचा: "पहिली गोष्ट, रस्ते निसरडे नाय."

हिवाळ्यातले ते मेसेज नीट कान देऊन ऐकले तर "येतो" म्हटल्यानंतर आणि त्यांचं बोट फोनवरून उचललं जाण्याआधी, मागे कपबशी वाजायची आणि एका बाईचा आवाज यायचा: "आपल्याकडं कवा?"

तो आवाज रुकय्याभाभींचा. त्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं मी बरीच वर्षं ऐकलं नाही.

मुकादम शुवैखमध्ये टायरच्या दुकानात होते. दुकान एका कुवेती मालकाचं, पण मालक महिन्यातून एकदा चहाला यायचा, एरवी चालवायचे मुकादमच. ग्रुपवरच्या काही हुशार लोकांनी यातून सरळ निष्कर्ष काढला होता. टायरवाला रोज रस्ते निसरडे आहेत असं सांगतो, यात हवामानशास्त्र किती आणि व्यापार किती? मीसुद्धा हिशेबाच्या धंद्यातला माणूस, मलाही ते पटलं असतं. अडचण एवढीच होती की मुकादमांनी मला कधी टायर विकला नाही.

पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा मी नवखा होतो आणि गाडी माझ्याहून बरीच अनुभवी होती. फोनवर बायकोशी मराठीत बोलत होतो. माझं बोलणं संपेपर्यंत समोरचा उंच, वाकलेला, हनुवटीवर चार पांढरे केस असलेला माणूस अदबीनं थांबला आणि मग म्हणाला, "गाव कुठला?"

"पुणे."

"हां." त्यांचा चेहरा पडला. पुण्याचं नाव घेतल्यावर माणसं सहसा सावध होतात, निराश झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. "आणि घरवाल्यांचा?"

"आंजर्लं. दापोलीजवळ."

"आंजर्ला? अवो, मग मी हर्णैचा! मधी फक्त खाडी. म्हंजे तुमी आमचे जावय!"

झालं. त्या क्षणापासून माझं नाव, हुद्दा, बँकेतली खुर्ची सगळं रद्द झालं आणि मी जावयबापू झालो. संध्या, म्हणजे माझी बायको, त्यांची खाडीपलीकडची बहीण ठरली. ती त्यांना कादिरदादा म्हणू लागली आणि माझ्याहून त्यांचं जास्त ऐकू लागली. टायरचं विचारलं तर त्यांनी अंगठ्याचं नख टायरच्या खाचेत दाबून बघितलं आणि मान हलवली. "आणखी एक हिवाळा काढतील. जावयाला उगाच खर्चात पाडू काय?" दरवर्षी हेच. ज्या वर्षी त्यांनी "आता बदला" म्हटलं त्या वर्षी टायर त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणून बसवले, कारण त्यांच्या मते त्यांच्या स्वतःच्या दुकानातला माल त्या मोसमात बरा नव्हता. असा माणूस व्यापारासाठी हवामान सांगतो, हे मला पटणं कठीण गेलं.

त्यांचा फोनवरच्या हवामानावर विश्वास नव्हता. "त्यो अमेरिकेतून सांगतो. त्याला काय ठाव सलव्यात आपल्या घरावर ढग हाय का नाय." त्यांचा भरवसा टीव्हीच्या पडद्यावर खालून सरकणाऱ्या अरबी पट्टीवर. ती पट्टी ते रोज वाचत. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुकादम अरबी बोलत असत फर्डं, बाजारातलं, गिऱ्हाइकाला चढवणारं आणि उतरवणारं. पण वाचायला ते शिकले होते हर्णैच्या मदरशात, लहानपणी, कुराण समोर ठेवून. त्यात प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी उच्चाराच्या खुणा असतात. टीव्हीवरच्या अरबीत त्या नसतात. ज्याची भाषा आहे त्याला त्यांची गरज पडत नाही. मुकादमांना पडायची, पण इतकी वर्षं कुवेतात काढल्यावर ते विचारणार कुणाला? त्यांचं अर्धं वाचन अक्षरांवर चालायचं आणि अर्धं धाडसावर.

रुकय्याभाभी टायरवाल्याची बायको असल्या तरी जन्मानं बर्फवाल्याची मुलगी. त्यांच्या वडिलांचा हर्णै बंदरावर बर्फाचा धंदा होता. लाद्या यायच्या, भुशात पुरून ठेवायच्या, लाँच समुद्रात जायच्या वेळी फोडून पाट्यांतून द्यायच्या. लहानपणी बर्फाशिवाय त्यांनी दुसरं काही हाताळलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. पण तो बर्फ मासळीचा. त्याला बांगड्याचा वास, सुरमईचा वास, गोणपाटाचा वास. "ईदच्या सरबतात टाकला तरी बांगडा यायचा," त्या सांगत. "पाव्हणा तोंड वाकडा करायचा आणि अब्बा बोलायचे, पी, ताजा हाय."

तेव्हापासून त्यांच्या मनात एक गोष्ट बसली होती. आभाळातून पडतो त्या बर्फाला वास नसतो म्हणतात, तो एकदा हातात घेऊन बघायचा. लोकांना बर्फात खेळायचं असतं, फोटो काढायचे असतात. भाभींना फक्त त्याचा वास घ्यायचा होता, म्हणजे तो नाही याची खात्री करायची होती. आणि लग्न होऊन त्या आल्या कुठं, तर कुवेतला.

इथे अगदीच काही पडत नाही असं नाही. एखाद्या हिवाळ्यात पश्चिमेला सालमीच्या वाळवंटात वादळ होतं आणि गारांनी वाळू पांढरी होते. शहरातले लोक गाड्या काढून बघायला धावतात, तास दोन तासांत सगळं विरघळतं. मुकादम रोज सौदीतल्या तबूकचा आणि अरारचा बर्फ सांगत ते आम्हाला नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या एका श्रोत्यासाठी सगळं आखाती हवामान पिंजून काढलं जात होतं.

मग इतक्या वर्षांत एकदाही का नेलं नाही? त्याचं कारण त्यांच्या जीपच्या पुढच्या सीटवर होतं. त्या सीटवर कायम कांद्याचं पोतं असायचं. कांदे संपले तर बटाटे, बटाटे नसले तर टायरच्या ट्यूबा. भाभी मागच्या सीटवर, मधोमध, दोन्ही हात मांडीवर. बाजारात आम्ही त्यांना चिडवायचो, "भाभींनी आज टॅक्सी केली वाटतं!" त्या हसायच्या. मुकादम हसायचे नाहीत.

संध्यानं एकदा भाभींकडून त्याचं कारण काढून घेतलं. त्या नवीन आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मोसमातला पहिला पाऊस. इथल्या पहिल्या पावसात वर्षभराची धूळ आणि तेल रस्त्यावर उठून येतं, आणि डांबर साबण लावल्यासारखं होतं. मुकादमांनी ब्रेक दाबला आणि गाडी आडवी होऊन दुभाजकावर गेली. भाभी पुढे बसल्या होत्या. हात मोडला, खांदा उतरला, बाकी सगळं ठीक. "मी चार महिन्यांत इसरले," भाभी म्हणाल्या. "ह्यांचा हात अजून मोडलेला हाय."

म्हणजे घोळ असा होता. वाळवंटात बर्फ पडायचा तर आधी पाऊस पाहिजे, आणि पाऊस आला की मुकादम गाडी काढायचे नाहीत. भाभींना जे हवामान हवं होतं, त्याच हवामानाला मुकादम भ्यायले होते. मंडळी मात्र समजत होती की भाभीच घाबरतात, आणि भाभींनी ते समजू दिलं.

मुकादमांच्या कारकिर्दीत एक मानाचं पर्वही आहे. ते सांगायलाच हवं, कारण मी हजर होतो आणि पुढच्या रांगेत बसलो होतो. आमच्या मंडळाला तेव्हा एक उत्साही अध्यक्ष लाभले होते. कुणाला तरी कशाचा तरी प्रमुख नेमल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी मुकादमांना शाल आणि नारळ देऊन मंडळाचे हवामान सल्लागार म्हणून जाहीर केलं. मुकादम शाल घेऊन परत रांगेत उभे राहिले, कारण त्यांना वाटलं सगळ्यांनाच देताहेत.

त्या वर्षी तिळगुळाचा समारंभ वफ्र्याच्या एका शेतावर, मोकळ्या हवेत ठरला होता. मायदेशाहून प्रमुख पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी सकाळी सल्लागारांचा मेसेज आला: "पहिली गोष्ट, रस्ते निसरडे. आणि उद्या आपल्याकडं गारा. मोठ्या." अध्यक्षांनी धावपळ करून सगळा समारंभ एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये हलवला.

दुसऱ्या दिवशी इतकं लख्ख ऊन पडलं की बाहेर उभ्या गाड्यांच्या काचांकडे बघवेना. आत ट्यूबलाइटखाली प्रमुख पाहुण्यांनी आपलं भाषण वाचून दाखवलं. ते आधीच लिहून आणलेलं असल्यामुळे त्यात "या निळ्या, मोकळ्या आकाशाखाली" असे शब्द तीनदा आले. तिन्ही वेळा लोकांनी छताकडे पाहिलं.

समारंभ संपल्यावर अध्यक्षांनी मुकादमांना गाठलं. "काय हो सल्लागार, गारा कुठायत?"

मुकादम शांतपणे म्हणाले, "साहेब, अक्षरं बरोबर होती."

ती खरोखरच बरोबर होती. बे, रे आणि दाल. अरबीत ही तीन अक्षरं बरद म्हणून वाचली की गारा होतात आणि बर्द म्हणून वाचली की नुसती थंडी. फरक फक्त वरच्या खुणेचा, आणि ती टीव्हीच्या पट्टीत नसते. मुकादमांनी थंडीच्या गारा केल्या होत्या. का केल्या, हे समजायला त्यांच्या स्वयंपाकघरातला आवाज ऐकलेला असावा लागतो. तो शब्द बघितल्यावर त्यांना दुसरा उच्चार सुचलाच नसणार.

सल्लागारपद गेलं. शाल राहिली, ती भाभी उशीला गुंडाळायच्या. मेसेज चालूच होते, पण त्या दिवसापासून तो शब्द पट्टीत आला की मुकादम त्याचा अर्थ अंगावर घेत नसत. सुटी अक्षरं सांगून मोकळे व्हायचे: "आज बे-रे-दाल हाय. ज्यानं त्यानं आपला बघून घ्यावा."

गेल्या हिवाळ्यात त्यांचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, शेवटचा होता. वय झालं होतं, मालकानं दुकान भाच्याच्या हाती दिलं होतं, हर्णैला मुलानं घर बांधून तयार ठेवलं होतं. सलव्यातल्या त्यांच्या घरात खोकी भरायला सुरुवात झाली. भाभी कुठलीही वस्तू उचलून विचारायच्या, "ही न्यायची?" आणि मुकादम म्हणायचे, "राहू दे." निघायला आठवडा उरला तेव्हा सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. त्या दिवशी मेसेज आला नव्हता. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्यांच्या हातात फोन होता, त्यात टीव्हीच्या पट्टीचा फोटो.

"जावयबापू, जरा बघा."

"मला अरबी कुठं येतं?"

"ते ठाव हाय. नुसता बघा तर."

बघितलं. सालमी हा शब्द मला ओळखता आला, रस्त्यावरच्या पाट्यांमुळे. त्याच्यापुढे ती तीन अक्षरं. मी फोनकडून भाषांतर करून घेतलं. फोन म्हणाला, "थंड."

"अमेरिकेतून बोलतो," मुकादम म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसले. "थंडी असली तर काय, ती हायच. पण गारा असल्या तर... आता परत काय हिवाळा नाय आपल्याला इथं."

मग त्यांनी जी गोष्ट इतक्या वर्षांत केली नव्हती ती केली. मालकाला फोन लावला आणि विचारलं. स्पीकर चालू होता. मुकादमांनी अरबीत अक्षरं सांगितली, बे, रे, दाल, आणि हे बर्द की बरद असं विचारलं. पलीकडे म्हातारा मालक खूप हसला. एवढी वर्षं आपला माणूस अंदाजानं वाचतोय हे त्याला पहिल्यांदाच कळत असणार. हसून झाल्यावर म्हणाला ते मुकादमांनी आम्हाला सांगितलं: "बोलतो, आज दोन्ही असंल. नाय तर एकच असंल. जाऊन बघ."

"बघा, अरबाला पन ठाव नाय," मुकादम म्हणाले. त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं.

संध्यानं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. "कादिरदादा, भाभींना विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? रस्ते..."

"ते आम्हाला रोज सांगता तुम्ही. तिला विचारा."

ते उठले, कप तसाच ठेवून. मी आणि संध्या गाडी काढून मागोमाग त्यांच्या घरी गेलो, जावई असल्यामुळे मला तो हक्क होता. भाभी खोक्यांच्या मध्ये बसून भांड्यांना कागद गुंडाळत होत्या. मुकादम दारात उभे राहिले.

"अगो, सालमीला बे-रे-दाल हाय."

"मंग?"

"पडला तर पडला, नाय तर नाय. रस्ते निसरडे हायत. येतेस?"

भाभींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्यांनी हो म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "कांदे काढा."

मुकादम खाली गेले, पुढच्या सीटवरचं पोतं उचलून त्यांनी माझ्या डिकीत टाकलं, आणि सीट फडक्यानं पुसली. मग परत पुसली. पट्टा ओढून बघितला. भाभी एक स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि पुढे बसल्या. इतक्या सहजपणे, जणू कालही तिथेच बसल्या होत्या.

आम्ही मागून निघालो. मुकादमांनी संबंध रस्ता धोक्याचे दिवे लावून, अगदी कडेच्या लेनमधून, बैलगाडीच्या वेगानं कापला. मागून तरुण कुवेती पोरं दिवे मारत आणि हातवारे करत पुढे जात होती. वाटेतलं जहरा गाव मागे पडलं. तंबू ठोकून हिवाळ्याची मजा घेणाऱ्यांचे तंबू भिजून बसले होते. उंट पावसाकडे पाठ करून उभे होते. मला पुढच्या गाडीत दोन डोकी दिसत होती, एक स्टिअरिंगवर ओणवं, एक खिडकीकडे वळलेलं. वाळू होती तशीच, तपकिरी. सालमीच्या रस्त्यावर बराच वेळ असं गेल्यावर मी मनात समजुतीची वाक्यं जुळवायला लागलो होतो.

पुढची जीप थांबली.

रस्त्याच्या उजव्या हाताला जमीन खोलगट होती आणि त्या खोलगट भागात पांढरं होतं. पडताना बघायला आम्ही पोचलो नव्हतो. पडून गेलं होतं, कडेकडेनं विरघळतही होतं. चार-पाच गाड्या उभ्या होत्या, लोक फोटो काढत होते. शास्त्राप्रमाणे त्या गारा होत्या, बर्फ नव्हे. हे माझ्या जिभेवर आलं होतं. संध्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ते जिभेवरच राहिलं.

मुकादम धावत पलीकडे गेले, दार उघडलं, भाभींचा दंड धरला. "पहिली गोष्ट..."

"निसरडा हाय," भाभी म्हणाल्या. "कळला. सोडा आता."

त्यांनी सोडला नाही. दोघं तसेच उतरले, एकमेकांना धरून, सांभाळत. भाभी खाली बसल्या, ओंजळीत पांढरं भरलं आणि नाकाशी नेलं. डोळे मिटले. बराच वेळ त्या तशाच होत्या, एखादा माल पारखावा तशा.

"नाय," त्या शेवटी म्हणाल्या. "काय बी वास नाय."

आणि ओंजळ वर उचलून नवऱ्याच्या नाकाशी धरली. मुकादमांनी वाकून मन लावून हुंगलं.

"मला तर रबराचा येतो," ते म्हणाले.

"तो तुमचा हाय!" भाभी इतक्या जोरात हसल्या की फोटो काढणारे लोक वळून बघू लागले. मग त्या डबा भरायला लागल्या, आणि मुकादम त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. पाऊस केव्हाच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला. पहिली गोष्ट नेहमीचीच. तबूक, अरार, बसरा. मग थोडं थांबून, "आपल्याकडं काल होता." त्याच्या मागे या खेपेला कपबशी वाजली, प्रश्न आला नाही. आठवड्यानं दोघं हर्णैला गेले. विमानतळावर आम्ही पोचवायला होतो, पण तिथली गडबड, सामान, रडणं हे सगळ्यांचं सारखंच असतं, मला ते आठवत नाही.

मला ते आठवतात सालमीहून परतताना, जहराच्या सिग्नलवर. मी त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये, उजवीकडे थांबलो होतो. भाभींच्या खिडकीची काच खाली होती. डबा मांडीवर उघडा होता आणि त्यातलं उरलेलं मूठभर त्यांनी खिडकीबाहेर धरलं होतं. मुठीतून पाणी निघून कोपरापर्यंत येत होतं आणि तिथून दारावर ठिबकत होतं. मुकादम रस्त्याकडे बघत नव्हते, त्या मुठीकडे बघत होते. सिग्नल हिरवा झाला. त्यांच्या मागच्या गाडीनं हॉर्न दिला, मग तिच्या मागच्यानं, मग सगळ्यांनीच. मुकादमांनी एक हात मागे हलवून त्यांना थांबायची खूण केली. गाडी हलली नाही. भाभींनी मूठ उघडून बघितली, त्यात अजून थोडं होतं, आणि त्यांनी ती परत मिटली.